रविवारच्या सुट्टीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे

महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. गिरणीत स्टोअरकीपर असताना त्यांनी कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. सुट्टीचा पत्ता नाही, पगार वेळेवर नाही, हात तुटला तर भरपाई नाही. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधू' चालवला. १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. तिच्याकडे ना फंड, ना सभासदांची यादी. तरी ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारी कमिशनपुढे नेला. आठवड्याला सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, १५ तारखेच्या आत पगार, जखमीला मदत, एवढ्याच मागण्या! मालक बधले नाहीत. एप्रिल १८९० मध्ये १०,००० कामगारांची सभा झाली, तिथं दोन बायाही बोलल्या. जूनमध्ये मालकांना रविवारची सुट्टी द्यावी लागली. १८९७ साली प्लेगात लोकांची सेवा करतानाच लोखंडे गेले.

बंधूभगिनींनो, आपण रविवारी सहकुटुंब वंदनेला जमतो, तो रविवार असा लढून मिळालाय. कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या कित्येक पोरांना आज तोही मिळत नाही. त्यांनी एकजूट करावी, हीच आम्हा गिरणी कामगारांची कळकळीची विनंती.