जबड्याचं मूळ शोधलं, पण नोकरी मिळाली नाही! कोण होत्या ज्युलिया प्लॅट?

माशाच्या गर्भात टाळू आणि जबडा कसा घडतो? मज्जारज्जू बनणाऱ्या भागाच्या कडेवरून न्यूरल क्रेस्ट पेशी निघतात आणि शेजारच्या पेशींच्या रासायनिक संदेशांवर चेहऱ्याची कूर्चा घडवतात. या कोड्याचा पहिला धागा ज्युलिया प्लॅट यांना सापडला होता.

त्यांचा जन्म १८५७ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. मडपपी या उभयचर प्राण्याचे गर्भ तपासून १८९३ मध्ये त्यांनी सांगितलं, की जबड्याची कूर्चा गर्भाच्या बाहेरच्या थरातून येते. तेव्हा कूर्चा मधल्याच थरातून येते, असं मानलं जायचं. बड्या शास्त्रज्ञांनी त्यांचा दावा फेटाळला.

१८९८ मध्ये त्यांनी जर्मनीच्या फ्रायबर्ग विद्यापीठातून पीएचडी मिळवली. तरीही संशोधनाची नोकरी मिळाली नाही. मग त्या कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हला स्थायिक झाल्या. १९३१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्या तिथल्या महापौर झाल्या आणि गावालगतचा समुद्र राखीव करून घेतला.

१९३५ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे प्रयोगांनी त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. आज झेब्राफिशच्या गर्भात टाळू दुभंगण्याची कारणं शोधणारे शास्त्रज्ञ याच पेशींचा माग काढतात.