पंडिता रमाबाई : श्रद्धेचा रोजचा हिशेब

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे चर्चा हटकून एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबते : त्यांनी धर्म का बदलला? हा प्रश्न गैर नाही. परंतु त्याच्या पुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या श्रद्धेपायी त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला, ती श्रद्धा त्या रोजच्या व्यवहारात कशी जगल्या? केडगावच्या मुक्तिसदनाचा कारभार पाहिल्याखेरीज याचे उत्तर मिळत नाही. पहिल्या प्रश्नाचेही नीट उमगत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेने ते धन कन्येला दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडे. हाती येई ते दानधर्मात खर्ची पडे आणि मोलमजुरी विद्वान कुळाला कमीपणाची वाटे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा गाठीला काही उरले नव्हते. आईवडील अन्नान्नदशेत गेले. उपासमार म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणत्याही अहवालातून शिकावे लागले नाही.

१८७८ मध्ये त्या भावासह कलकत्त्यास गेल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांच्या आतच तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या विधवा झाल्या. पुण्यात येऊन त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्या वर्षी वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंड गाठले. कानांनी दगा दिल्यामुळे तो बेत मात्र सोडावा लागला.

वाँटेज येथील धर्मभगिनींच्या सहवासात असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर ठसा उमटला होता तो केवळ ग्रंथांचा नव्हे. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना लंडनमधील फुलम येथे या भगिनी ममतेने सांभाळतात, त्यांना कामाला लावतात, पुन्हा माणसांत आणतात, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. मात्र गुरुस्थानी असलेल्या भगिनींचे सारेच सिद्धान्त त्यांनी डोळे मिटून स्वीकारले नाहीत. बाप्तिस्म्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. बोस्टनच्या रमाबाई मंडळाने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती. सदनात हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मुभा होती. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या, त्यांनी दार लावून घेतले नाही, आणि १८९३ मध्ये वादळ उठले. न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आश्वासनाचा भंग झाला, ही टीकाकारांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. पण त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, हेही जमेच्या बाजूला मांडले पाहिजे.

संस्थेला स्वतःच्या उत्पन्नाचा आधार हवा, म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारच्या मदतकेंद्रांवर काम होते, थोडेफार अन्नही होते. परंतु तेथे एकट्यादुकट्या मुलीची अब्रू सुरक्षित नव्हती, हे त्यांच्या ध्यानी आले. दुष्काळसंहितेच्या रकान्यांत न बसणारे हे दुःख होते. सुमारे तीनशे स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतात तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. तेथून मुक्तिसदन आकाराला आले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. एवढी तोंडे केवळ देणग्यांवर पोसता आली असती, निदान काही काळ. रमाबाईंनी तसे केले नाही. विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, शिवणकाम, दुग्धशाळा, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभारले. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. ज्या कष्टांना माहेरच्या कुळाने हीन मानले, तेच कष्ट रमाबाईंच्या सदनात प्रार्थनेइतके नित्याचे झाले. संस्कृत पंडितेने आयुष्याची अखेरची वर्षे घालविली तीही खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल उतरविण्यात. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. खिळे जुळविले ते मुक्तिसदनाच्याच मुलींनी. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला १९२४ मध्ये; मनोरमाबाई १९२१ मध्ये आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या होत्या.

परकीय पैशाचा आधार अखेरपर्यंत सुटला नाही, आणि भुकेल्याला अन्न व धर्म एकाच हाताने द्यावा काय, हा प्रश्नही शिल्लक राहतो. तो विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र रमाबाई ज्या मुली उचलून आणीत होत्या त्या आपल्याच होत्या, आणि त्या वेळी त्यांना न्यायला आपल्यापैकी फार थोडे लोक गेले होते, याचीही नोंद त्याच वहीत करावी लागते. श्रद्धा कोणत्याही धर्माची असो. तिच्या नावावर किती जणांना भाकर, हातांना काम आणि ताठ मानेने जगणे लाभले, याचा जमाखर्च मांडण्यास रमाबाईंना संकोच वाटला नसता. आपल्याला तो वाटू नये.