कै. गोपाळ गणेश आगरकर

वर्तमानपत्रात येणाऱ्या प्रत्येक वार्तेमागे ती सांगणारा कोणीतरी असतो. पुष्कळदा त्यास आपले नाव उघड करता येत नाही. नोकरी जाण्याची, घरादारावर संकट येण्याची धास्ती असते. अशा वेळी त्याचे नाव पोटात ठेवून, छापलेल्या शब्दाचा जाब संपादकाने द्यावयाचा असतो. हा भार किती जड आहे हे ज्यांनी ऐन तारुण्यात अनुभवले, त्या आगरकरांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य मनन करावे असे आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात, गरीब कुटुंबात झाला. विद्येसाठी त्यांस कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे गावोगाव फिरावे लागले. पुण्यास डेक्कन कॉलेजात असता एकुलता एक सदरा रात्री धुवावा व सकाळी तोच अंगात घालावा, अशी त्यांची स्थिती होती. तरीही मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट सोडून, पोटापुरत्या वेतनावर लोकशिक्षणास वाहून घेण्याचा आपला निश्चय त्यांनी मातोश्रींस पत्राने कळविला.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांच्यासमवेत आगरकर तेथे शिकवू लागले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींनी मराठीत 'केसरी' व इंग्रजीत 'मराठा' अशी दोन पत्रे काढली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते.

त्या वेळी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची बोलवा होती व तिचा रोख दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता. संस्थानात राहून दिवाणाविरुद्ध उघड बोलणे सोपे नव्हते. आपला बीड जिल्हाही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा ही अडचण येथील वृद्धांस सांगावयास नको. साहजिकच तक्रारी पुण्याच्या पत्रांकडे वळल्या. बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुढे आली आणि त्यांवर विश्वास ठेवून दोन्ही पत्रांनी कडक टीका केली.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे खरी असल्याचे न्यायालयात सिद्ध होईना. ती बनावट ठरली. खटला चालू असतानाच मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर निवर्तले. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तथापि १७ जुलै १८८२ रोजी आगरकर व टिळक या दोघांस चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर रोजी ते सुटले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

छत्रपतींविषयीची लोकांची काळजी मात्र निराधार नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी आपल्या शेजारच्या अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. परंतु हेतू शुद्ध असला आणि दुःख खरे असले, तरी खोटा कागद त्यामुळे खरा होत नाही, ही या प्रकरणाची कटू शिकवण आहे.

या आपत्तीने आगरकर मुके झाले नाहीत. मतभेदामुळे १८८७ साली 'केसरी' सोडून त्यांनी १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढले. बालविवाह, केशवपन व जातिभेद यांवर त्यांनी निर्भयपणे लिहिले. विरोधकांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांची लेखणी डळमळली नाही. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याने जर्जर होऊन १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी इहलोक सोडला. आपल्या उत्तरक्रियेपुरते पैसे त्यांनी स्वतःच पुरचुंडीत बांधून ठेवले होते.

विद्यार्थिमित्रहो, दुर्बलाचे नाव झाकणे हे सत्कृत्य होय. परंतु त्याने आणलेली वार्ता पारखून न घेता पसरविणे हे सत्कृत्य नव्हे. आज निनावी मजकूर क्षणार्धात हातोहाती, घरोघरी पोहोचतो. तो पुढे धाडण्यापूर्वी आपल्या मनास एवढेच विचारावे, की हा मजकूर खोटा ठरला तर आगरकरांप्रमाणे त्याचा जाब देण्यास मी स्वतः उभा राहीन काय?