डॉ. चार्ल्स डॉटर

छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्की पाहावयास जाणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडते ते हौदात उंचावरून कोसळणारे पाणी. हे पाणी दूरच्या डोंगरातील झऱ्यापासून मातीच्या नळांतून, जमिनीखालून तेथवर आणलेले आहे. अशा नळात कोठे गाळ साचला, तर दोनच उपाय उरतात. एक तर जमीन खणून नळ उघडावयाचा, नाही तर नळाच्या तोंडातून काही आत सारून वाट मोकळी करावयाची.

मनुष्याच्या शरीरातही असेच नळ आहेत. हृदयाकडून सर्व अवयवांकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांना रोहिणी म्हणतात. उतारवयात पुष्कळांच्या रोहिणींत मेदाचे थर साचतात, वाट अरुंद होते आणि पुढील भागास रक्त मिळेनासे होते. 1960 च्या सुमारास अशा रोग्यावर उपाय म्हणजे बहुधा शस्त्रक्रियाच. ती न साधली, तर पाय कापणे. नळाच्या तोंडातून आत शिरण्याचा दुसरा मार्ग ज्यांनी दाखविला, ते डॉ. चार्ल्स डॉटर होत.

डॉटर यांचा जन्म 14 जून 1920 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. यंत्रांचे त्यांस मोठे वेड. 1944 साली कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी मिळविली आणि 1952 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते पोर्टलंड येथील ओरेगॉन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. त्या काळी या विभागाचे काम एवढेच, की रोहिणीत बारीक नळी घालून औषध सोडावे, छायाचित्र घ्यावे आणि अडथळा कोठे आहे ते शल्यविशारदास दाखवावे. दुरुस्ती करणे हा शल्यविशारदाचा अधिकार.

1963 साली एक अकल्पित गोष्ट घडली. छायाचित्र घेण्यासाठी डॉटर एका रोग्याच्या रोहिणीतून नळी वर सरकवीत होते. ती रोहिणी पूर्ण बंद होती. परंतु नळी अडथळ्यातून पार गेली आणि वाट उघडली. दुसऱ्या कोणी ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली असती. डॉटर यांच्या मनात मात्र विचार आला, की जी नळी रोग दाखविते, तिनेच तो बरा का करू नये?

16 जानेवारी 1964 रोजी त्यांच्यापुढे ब्याऐंशी वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायाची बोटे काळी पडून सडू लागली होती. पाय कापावा असे डॉक्टरांचे मत होते आणि ते तिला मुळीच मान्य नव्हते. डॉटर यांनी तिच्या मांडीतील रोहिणीत एक तार सरकविली, तारेवरून एक बारीक नळी व त्या नळीवरून तिच्याहून जाड नळी अशा क्रमाने वाट रुंद केली. थोड्याच वेळात थंडगार पडलेले पाऊल उबदार झाले. पुढे जखमा भरल्या, आणि ती वृद्धा मृत्यूपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली.

एवढे होऊनही स्वदेशातील शल्यविशारदांचा विश्वास बसेना. एकाने तर रोगी पाठविताना बजावून लिहिले, की केवळ पाहावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये! वेडा चार्ली हे नावही डॉटर यांच्या वाट्यास आले. त्यांच्या कार्याचे महत्त्व आधी युरोपने ओळखले. त्यांच्या मार्गाने जाऊनच अँड्रियास ग्रुंटझिग यांनी 1977 साली झुरिच येथे नळीच्या टोकावरील फुग्याने हृदयाची रोहिणी रुंद केली.

डॉटर यांची साधने बाजारात विकत मिळण्याजोगी नव्हती. गिटारच्या तारा, मोटारीच्या वेगमापकातील तार, जे हाती येईल त्यातून ते हत्यार बनवीत. 1963 मध्ये शिकागो येथील एका परिषदेत बिल कुक नावाचे उत्पादक टेफ्लॉनच्या नळ्या ज्योतीवर तापवून घडवीत बसले होते. डॉटर यांनी ज्योतीचे उपकरण व नळ्या उसन्या घेतल्या, रात्री हॉटेलच्या खोलीत बसून दहा नळ्या तयार केल्या आणि सकाळी परत आणून दिल्या. कुक यांनी त्या दहा डॉलरला एक या भावाने विकल्या.

उघडलेली वाट कधीकधी पुन्हा मिटत असे. तेव्हा रोहिणीला आतून आधार देणारे काही तेथेच ठेवून यावे, असे डॉटर यांस वाटू लागले. परंतु वस्तू आत नेणे सोपे आणि सोडून येणे अवघड. जी नळी तिला नेते, ती परत फिरताना तिलाही ओढून आणील! 1969 साली त्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांचे वृत्त प्रसिद्ध केले. प्लास्टिकच्या नळ्यांत रक्त गोठले. पोलादी तारेच्या वेटोळ्याचा आधार मात्र टिकला. हे वेटोळे तारेत ओवावयाचे आणि मागून दुसऱ्या नळीने ढकलीत जागी न्यावयाचे. मग मागची नळी तशीच धरून ठेवून आधी तार काढून घ्यावयाची. नळी वेटोळ्याला मागे येऊ देत नाही, तार सुटते, आणि मग नळीही निघते. हा क्रम उलटला, की सारे फसलेच.

यात एक उणीव राहिली. ज्या छिद्रातून वेटोळे आत जाई, त्याहून ते मोठे होऊ शकत नसे. 1983 साली डॉटर यांनी निकेल व टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूकडे मोर्चा वळविला. या धातूस आपला आकार स्मरतो. थंड असता आवळून बारीक केलेले वेटोळे नळीतून आत जाई आणि कोमट नव्हे, चांगले गरम मिठाचे पाणी सोडताच फुलून रोहिणीच्या भिंतीस घट्ट बसे. एकदा फुलले, की ते परत घेता येत नसे. म्हणून पाणी सोडण्यापूर्वी जागा पुन्हा पुन्हा पडद्यावर पाहावी लागे.

डॉटर यांना गिर्यारोहणाचा नाद होता. कर्करोग झाला, हृदयाचे दुखणे जडले, तरी तो सुटला नाही. 15 फेब्रुवारी 1985 रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये मनुष्याच्या हृदयाच्या रोहिणीत पहिल्यांदा स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसविण्यात आली.

आज छत्रपती संभाजीनगरातही हे उपचार होतात. हृदयाचा स्टेंट बहुधा फुग्याने फुगवितात. पायाच्या रोहिणीसाठी अनेकदा नायटिनॉलचा स्टेंट वापरतात. तो शरीराच्या उष्णतेतच फुलू पाहतो, म्हणून त्यावर बारीक आवरण घातलेले असते. डॉक्टर आतील दांडी स्थिर धरतात व आवरण हळूहळू मागे ओढतात. जाळी टोकापासून उमलत जाते आणि मग रिकामी नळी व तार आल्या वाटेने बाहेर पडतात.