जेन अ‍ॅडम्स : हॉलस्टेड रस्त्यावरची शेजारीण

अमेरिकेला गेलेल्या माणसाचे भाग्य उजळले, असे आपण सहज म्हणून जातो. पण तेथे उतरल्यावर ज्याला रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही, मुकादम काय सांगतो तेही समजत नाही, त्या माणसाची कल्पना करून पाहा. १९०७ या एकाच वर्षात अशी सुमारे १२ लाख ८५ हजार माणसे अमेरिकेत दाखल झाली. त्यांच्यासाठी शिकागो शहरात आपल्या घराचे दार उघडणाऱ्या जेन अ‍ॅडम्स यांची ही ओळख.

जेनबाईंचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सिडरव्हिल या गावी झाला. वडील गिरणीमालक व राज्याच्या सिनेटचे सदस्य. आई जेनबाईंच्या बालपणीच वारली. पाठीच्या कण्याच्या क्षयामुळे त्यांना कायमचा बाक आला. १८८१ साली रॉकफर्ड येथील शिक्षण पुरे झाले आणि त्याच वर्षी वडीलही गेले. डॉक्टर होण्याचा बेत आजारपणामुळे सोडावा लागला. पुढची कित्येक वर्षे घरी पैसा होता, पण हाती काम नव्हते. १८८८ साली लंडनच्या गरीब वस्तीतील टॉयन्बी हॉल त्यांनी पाहिला. विद्यापीठात शिकलेले तरुण तेथे गरिबांच्या शेजारी राहत होते. सप्टेंबर १८८९ मध्ये मैत्रीण एलेन गेट्स स्टार हिच्यासह त्या शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या घरात राहावयास गेल्या. हेच ते हल हाऊस.

आसपास इटालियन, जर्मन, ग्रीक, पोलंड व रशियातून आलेले ज्यू अशी कष्टकरी वस्ती होती. दिवसभर कारखान्यात राबून थकलेली माणसे रात्री इंग्रजीच्या वर्गाला येऊन बसत. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे सक्तीचे झाले. शिवाय पाच वर्षांचे वास्तव्य व दोन साक्षीदारही लागत. म्हणून भाषेबरोबर राज्यकारभाराची माहिती देणारे वर्गही चालत. पण वर्ग काढून सगळे भागत नाही, हे जेनबाई ओळखून होत्या. गल्लीतला कचरा उचलला जात नाही म्हणून १८९५ साली त्यांनी चक्क कचरा तपासनिसाची नेमणूक पत्करली! १९०८ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी एक संघ स्थापन केला. रेल्वेने एकट्यादुकट्या येणाऱ्या मुलींची विचारपूस करणे, दलालांच्या फसवणुकीला आळा घालणे ही त्याची कामे. ग्रेस अ‍ॅबट या त्याच्या संचालक होत्या.

या साऱ्यातून एक नवीच अडचण उभी राहिली, आणि ती आपल्यालाही परकी वाटू नये. मुले शाळेत भराभर इंग्रजी शिकली. आईबाप मात्र मागे राहिले. बाजारात, कचेरीत मुलेच त्यांची दुभाषी झाली आणि डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आईची मुलीला लाज वाटू लागली. यावर जेनबाईंनी मुलांना उपदेश केला नाही. १९०० साली त्यांनी श्रमसंग्रहालय काढले आणि वस्तीतल्या आयांना त्यांच्या देशच्या पद्धतीने सर्वांसमोर सूत काततात कसे, ते दाखवावयास बसवले. एक इटालियन मुलगी तेथे स्वयंपाकाच्या वर्गाला येई, पण सूत कातणाऱ्या आईबरोबर दिसू नये म्हणून दुसऱ्या दाराने शिरत असे. एके दिवशी शिकलेली मंडळी आपल्या आईच्या हातचे कसब कौतुकाने पाहताहेत, हे तिने पाहिले. त्यानंतर ती आईच्याच दाराने येऊ लागली. माझ्या मते शंभर वर्गांहून हे काम मोठे.

पोलंडहून आलेली हिल्डा सॅट ही कारखान्यात काम करणारी मुलगीही याच घरात वाढली. जेनबाईंनी तिला शिकागो विद्यापीठात एक सत्र शिकण्याची संधी मिळवून दिली. परत येऊन ती स्वतःच नवागतांना इंग्रजी शिकवू लागली.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्यामुळे जेनबाईंची लोकप्रियता पार ओसरली. त्या हटल्या नाहीत. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. पार्थिव हल हाऊसमध्येच ठेवले होते. वस्तीतली हजारो माणसे रांगेने येऊन दर्शन घेऊन गेली, आणि मग सिडरव्हिलला वडिलांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.