चमचा, मेणबत्ती आणि किडनी : डॉक्टर रिचर्ड ब्राइटची गोष्ट

लॅबचा रिपोर्ट हल्ली व्हॉट्सॲपवर पीडीएफ होऊन येतो. आपण तो उघडतो, साखर बघतो, हिमोग्लोबिन बघतो, ठळक अक्षरात काही नाही ना याची खात्री करतो आणि बंद करतो. लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन किंवा प्रोटीन अशी एक ओळ असते. तिच्यासमोर बहुतेक वेळा ‘निल’ असतं, कधी ‘ट्रेस’, कधी अधिकची एक-दोन चिन्हं. ही ओळ तिथे का आहे, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. शोधत गेलो तर लंडनमधल्या एका डॉक्टरपाशी जाऊन पोहोचलो. तो जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झालीत. सुरुवातीला त्याच्याकडे पट्टी नव्हती, मशीन तर नव्हतंच. एक चमचा होता आणि एक मेणबत्ती.

रिचर्ड ब्राइट १७८९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जन्मला. घर पैसेवाल्या व्यापाऱ्याचं. हा पैसा कुठून आला तेही सांगायला हवं. आजोबा हेन्री ब्राइट गुलामांच्या व्यापारात होते आणि जमैकातल्या उसाच्या मळ्यांशी घराण्याचे व्यवहार होते. पुढे ब्राइटने आयुष्यभर गरीब रुग्ण तपासले खरे, पण त्याला निवांतपणे शिकता आणि हिंडता आलं ते या पैशावर. मोठ्या माणसाचं चरित्र लिहिताना हे वगळायची आपल्याला सवय आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

हिंडणं हा त्याचा जुना नाद. एडिंबरामध्ये वैद्यकी शिकता शिकता १८१० साली तो आइसलँडच्या मोहिमेवर गेला. तेव्हा वय जेमतेम विशीचं. पुढे १८१४-१५ मध्ये, नेपोलियननंतरच्या युरोपची वाटणी करायला सगळे राजे व्हिएन्नात जमले होते तेव्हा हाही तिथे पोहोचला आणि तिथून हंगेरीच्या गावागावांतून फिरला. वॉटर्लूची लढाई झाली तशी ब्रसेल्सच्या दवाखान्यांत जखमी सैनिक बघून आला. हंगेरीवर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं स्वतःच काढली. शेती, तुरुंग, जिप्सी लोकांची भाषा, काय वाटेल ते त्यात आहे. वाचताना मला वाटलं, हा माणूस आज असता तर त्याच्या फोनचं स्टोरेज दर आठवड्याला भरलं असतं. दिसेल ते टिपून ठेवायचं, आणि मत नंतर बनवायचं. दवाखान्यातही त्याने नेमकं हेच केलं.

हा दवाखाना म्हणजे लंडनचं गायज हॉस्पिटल. १८२० साली तो तिथे साहाय्यक डॉक्टर झाला, १८२४ मध्ये पूर्ण डॉक्टर. त्या काळी अंगावर सूज आलेले रुग्ण वॉर्डात सतत असायचे. सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं, संध्याकाळी पाय सुजलेले, पुढे पोटात पाणी, मग धाप, डोकेदुखी, झोप उडणं, नजर धूसर होणं, झटके, बेशुद्धी. डॉक्टर या सगळ्याला एकच नाव द्यायचे, त्या नावाचा अर्थ साधारण ‘अंगात पाणी साठणं’. म्हणजे लक्षणालाच आजाराचं नाव. मोबाइल तापतो म्हणून ‘तापण्याचा बिघाड’ असं लिहून द्यावं, तसं.

ब्राइटला प्रश्न पडला की हे पाणी येतं कुठून. काही सुजलेल्या रुग्णांची लघवी तापवली की ती दह्यासारखी फुटते, हे त्याच्या आधीही लोकांना ठाऊक होतं. इटलीतल्या कोतुन्यो या डॉक्टरने अठराव्या शतकातच ते पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये वेल्स आणि ब्लॅकॉल यांनीही. तेव्हा चमच्याची चाचणी ब्राइटने शोधली, असं कुठे वाचलंत तर ते अर्धवट आहे. त्याने तीन गोष्टी एकाच माणसात जोडून पाहिल्या. जिवंतपणी अंगावरची सूज. चमच्यात फुटणारी लघवी. आणि तोच रुग्ण दगावला की शवविच्छेदनात त्याची किडनी कशी दिसते. वर्षानुवर्षं, रुग्णामागून रुग्ण. लघवी फुटणाऱ्यांच्या किडन्या पुन्हा पुन्हा खराब निघत गेल्या: कुणाची फिकट आणि दाणेदार, कुणाची आक्रसून कडक झालेली. १८२७ साली त्याने हे पुस्तकरूपात मांडलं. चित्रकार फ्रेडरिक से याच्याकडून किडन्यांची रंगीत चित्रं करून घेतली. कॅमेरा नसलेल्या काळात ‘असं दिसतं’ हे दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला दाखवायचा तोच मार्ग होता.

आता चमच्याचं विज्ञान बघू. मी घरी करून पाहिलं. लघवीवर नाही, अंड्यावर. अंड्याचा थोडा पांढरा भाग पाण्यात मिसळला, चिमूटभर मीठ टाकलं, गाळलं आणि एक स्टीलचा चमचा भरून मेणबत्तीवर धरला. (चमच्याला फडकं गुंडाळा, मी गुंडाळलं नव्हतं.) आधी काहीच नाही. मग कडेला धुरकट, आणि बघता बघता सगळं पाणी दुधाळ. प्रथिनाचे रेणू म्हणजे गुंडाळून ठेवलेले धागे. उष्णतेने ते उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि परत विरघळत नाहीत. अंडं उकडलं की घट्ट होतं ते याचमुळे. आपल्या रक्तातही असंच एक प्रथिन असतं, अल्ब्युमिन. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत घेतं, आणि अल्ब्युमिन तर या गाळणीतून फारसं जातच नाही. ते लघवीत आलं, म्हणजे गाळणीला भोक पडलं. रक्तातलं प्रथिन असं गळत राहिलं आणि मीठ-पाणी अंगात साठत गेलं, की सूज येते.

चमच्याच्या चाचणीत एक फसवणूकही आहे. लघवीत फॉस्फेटचे क्षार जास्त असले तरी तापवल्यावर ती गढूळ होते. तेव्हा थेंबभर व्हिनेगर टाकायचं. गढूळपणा गेला तर क्षार, राहिला तर प्रथिन.

आजच्या लॅबमधली पट्टी हेच काम रंगाने करते. पट्टीवर एक रंगद्रव्य असतं, प्रथिन भेटलं की ते पिवळ्याचं हिरवं होतं. जितकं हिरवं तितकी अधिकची चिन्हं जास्त. अशी पट्टी फोनच्या कॅमेऱ्याने वाचायची ॲप्सही आली आहेत. किडनीसाठीच्या अशा एका घरगुती चाचणीला अमेरिकेच्या नियामकाने २०२२ साली परवानगी दिली. यातली गोम रंगात आहे. ट्यूबलाइटखाली आणि उन्हात कॅमेऱ्याला एकच हिरवा वेगवेगळा दिसतो, म्हणून पट्टी एका ठरावीक रंगांच्या कार्डावर ठेवून फोटो काढायला लावतात. ॲप आधी कार्डावरचे माहितीचे रंग बघतं, त्यावरून प्रकाशाची चूक काढतं आणि मग पट्टी वाचतं. दुसरी अडचण पाण्याची. तुम्ही दोन लिटर पाणी पिऊन गेलात तर लघवी पातळ होते आणि अल्ब्युमिन कमी दिसतं. म्हणून चांगल्या चाचणीत अल्ब्युमिनची क्रिएटिनिनशी तुलना करतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन म्हणजे ठीक. ताप असला किंवा आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढला असला तरी आकडा तात्पुरता वाढतो, त्यामुळे एका रिपोर्टवर डॉक्टर निकाल देत नाहीत. आजार जुनाट म्हणायला तो तीन महिने टिकलेला दिसावा लागतो.

आणि रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. किडनीचं जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत तो आकडा बऱ्याचदा मर्यादेतच दिसतो. लघवीतली ओळ त्याच्या आधी बोलते. मधुमेह किंवा बीपी असलेल्या घरातल्या माणसांचा रिपोर्ट आला तर ती ओळ बघाच.

ब्राइट मात्र किडनीपाशी थांबला नाही, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो तो इथे. १८३६ साली त्याने अशा शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. किडनी खराब असलेल्या पुष्कळ जणांचं हृदय, विशेषतः डावा कप्पा, मोठं आणि जाड झालं होतं. झडपेत दोष असेल तर हृदय असं वाढतं हे माहीत होतं, पण यातल्या अनेकांच्या झडपा ठीक होत्या. मग हृदयाला इतकी मेहनत का पडत होती? त्याने दोन शक्यता लिहिल्या. एक तर किडनी न चालल्याने बिघडलेलं रक्त हृदयालाच डिवचत असेल, किंवा ते सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांत अडत असेल आणि हृदयाला जास्त जोराने ढकलावं लागत असेल. दुसरी शक्यता म्हणजे उच्च रक्तदाबाचंच वर्णन. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीत रिवा-रोची याने केलं १८९६ साली, म्हणजे साठ वर्षांनी. जे मोजायचं साधनच नव्हतं, त्याचा अंदाज या माणसाने मेलेल्या हृदयांची जाडी बघून बांधला. आजही किडनीच्या अनेक जुनाट रुग्णांना डायलिसिसची वेळ येण्याआधी हृदयविकाराचाच धोका जास्त असतो.

१८४२ साली त्याने आणखी एक नवी गोष्ट केली. गायज हॉस्पिटलमध्ये फक्त किडनीच्या रुग्णांसाठी ४२ खाटा वेगळ्या काढून घेतल्या, पुरुषांचा एक वॉर्ड आणि बायकांचा एक. जोडीला नोंदी करायची खोली आणि छोटी प्रयोगशाळा. सहा महिने हे चाललं, आणि बार्लो व रीस या त्याच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. एकाच आजाराचे रुग्ण एका छताखाली, प्रत्येकाची सारख्या पद्धतीने नोंद, शेजारीच लॅब. आज क्लिनिकल रिसर्च म्हणतो त्याचा आराखडा हाच. त्याच साली विल्यम बोमनने सूक्ष्मदर्शकातून किडनीच्या एकेका गाळणीची रचना उलगडून दाखवली.

त्या ४२ खाटांवरच्या लोकांना यातून काय मिळालं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. उपचार होते शीर कापून रक्त काढणं, जुलाब देणं, घाम काढणं. स्कार्लेट ताप येऊन गेलेल्या मुलांना किडनीचा त्रास होतो हे ब्राइटने ओळखलं, पण तो थांबवता आला नाही. तो स्वतःही उपचारांबद्दल मोठे दावे करत नसे. रुग्ण गरीब होते, मेल्यावर त्यांचं शरीर उघडायला त्यांची संमती कुणी कशी घेतली असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या रिपोर्टमधली ती ओळ अशा माणसांकडून आलेली आहे. किडनीचं काम यंत्राकडून करून घेणं जमलं ते १९४३ नंतर, नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फच्या हातून. यशस्वी प्रत्यारोपण १९५४ साली बोस्टनमध्ये.

डॉक्टरांनी या आजाराला त्याचंच नाव दिलं, ब्राइटचा आजार. पुढची कित्येक दशकं मृत्यूच्या दाखल्यांवर ते लिहिलं जात होतं; कवयित्री एमिली डिकिन्सनच्या दाखल्यावरही ते आहे. आता हे नाव वापरत नाहीत, कारण ब्राइटने जो एक आजार मानला तो अनेक वेगवेगळे आजार निघाले.

त्याच्या घरची गोष्ट थोडक्यात. पहिली बायको मार्था लग्नानंतर वर्षभरात, बाळंतपणानंतर गेली. पुढे त्याने एलायझा फॉलेटशी लग्न केलं. १८३७ पासून राणी व्हिक्टोरियाच्या डॉक्टरांत त्याचं नाव होतं, म्हणजे पैसा आणि मान दोन्ही मिळाले. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडनमध्ये तो वारला. आयुष्यभर ज्या टेबलावर त्याने इतरांना तपासलं, त्यावर त्यालाही जावं लागलं. शवविच्छेदनात हृदयातून महाधमनीकडे जाणारी झडप कडक होऊन अरुंद झालेली सापडली.