अनंताचा गणिती
संख्या माणसाने निर्माण केल्या, की त्या आधीपासूनच होत्या आणि माणसाने केवळ शोधल्या, हा वाद जुना आहे. जर्मन गणिती गेऑर्ग कँटर यांना मात्र त्याची झळ आयुष्यभर सोसावी लागली. ३ मार्च १८४५ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या कँटर यांनी १८६७ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १८६९ पासून ते हाले येथे अध्यापन करू लागले. १, २, ३ असे मोजता येणारे अनंत आणि रेषेवरील बिंदूंचे अनंत सारखे नसून दुसरे मोठे आहे, हे त्यांनी १८७४ मध्ये सिद्ध केले. ही अनंते आपण रचली नाहीत, ती ईश्वराच्या बुद्धीत मुळातच आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती. बर्लिनमधील त्यांचे गुरू लिओपोल्ड क्रोनेकर यांच्या मते मात्र पूर्णांकांपासून मर्यादित पायऱ्यांत जे रचता येत नाही, त्याला गणितात स्थानच नव्हते. त्यांचा विरोध अखेरपर्यंत टिकला. बर्लिनची प्राध्यापकी कँटर यांना कधीच लाभली नाही. १८८४ पासून मानसिक आजाराने त्यांना वारंवार ग्रासले. ६ जानेवारी १९१८ रोजी हाले येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

या दोन अनंतांच्या मध्ये तिसरे अनंत नाही, हे त्यांचे अनुमान मात्र अनिर्णितच राहिले. गणिताच्या प्रचलित गृहीतकांवरून ते खोडता येत नाही, हे कुर्ट गोडेल यांनी, तर सिद्धही करता येत नाही, हे १९६३ मध्ये पॉल कोहेन यांनी दाखवले. त्याचे उत्तर कोठे तरी दडलेले आहे, की ते माणसानेच ठरवायचे आहे, यावर गणितज्ञांत आजही एकमत नाही.